शिवलेलं आणि नेसलेलं

इंग्लंडमध्ये राहायला आल्यावर मी जे छंद जोडले, त्यांतला हा सर्वांत वेळखाऊ आणि दुसऱ्याला समजावून सांगायला सर्वांत अवघड. जुन्या काळचे कपडे त्या काळच्या पद्धतीनं हातानं शिवायचे, आणि वर्षातून तीन-चारदा तसे कपडे घातलेल्या माणसांनी जमून चहा प्यायचा, नाचायचं, फिरायला जायचं. वाईच्या माझ्या आत्याला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "म्हणजे नाटक करता का?" नाही म्हटलं. "मग गॅदरिंग?" तेही नाही. "मग बघतं कोण तुम्हाला?" कोणीच नाही, आम्हीच एकमेकांना बघतो, असं सांगितल्यावर ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "असू दे. पण कपडा तरी चांगला वापरता ना?"

आत्याला हसण्यावारी नेणं सोपं होतं. पण पुढं याच छंदानं मला एका अशा प्रश्नापाशी आणून उभं केलं, ज्याचं उत्तर इंग्लंडातल्या कुठल्याही संग्रहालयात नव्हतं आणि आत्याच्या हातांत होतं. त्याची ही हकिकत.

आतून बाहेर

आमचा गट वीस-पंचवीस जणांचा. निवृत्त शिक्षिका, एक परिचारिका, एक बसचालक, दोन विद्यार्थी, आणि मी. बाथ शहराच्या आसपास राहणाऱ्यांना या छंदाची लागण होणं स्वाभाविक आहे. तिथं २००१ पासून दर सप्टेंबरात जेन ऑस्टिनच्या नावानं महोत्सव भरतो आणि शेकडो माणसं दोनशे वर्षांपूर्वीच्या वेशात शहरातून मिरवत जातात. ऑस्टिनच्या कादंबऱ्यांचा काळ, म्हणजे साधारण १७९५ ते १८२० ही वर्षं, हाच आमच्या गटाचाही आवडता काळ.

पहिला झगा मी शिवणयंत्रावर शिवला. शिवणयंत्र घरोघरी पोचलं ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, हे ठाऊक असूनही. पण खरी चूक ती नव्हती. मी झगा आधी शिवला आणि आतले कपडे नंतर. त्या काळचा इंग्रज बायकांचा पोशाख आतून बाहेर रचत जावा लागतो. सर्वांत आत गुडघ्याखालपर्यंतचा सैल सुती किंवा तागाचा सदरा. त्यावर दोऱ्यांनी आवळायची कंचुकी, जिच्या पुढच्या बाजूला मधोमध एक लाकडी पट्टी सरकवलेली असते. त्यावर खांद्यांच्या पट्ट्यांवर तोललेला परकर. आणि मग झगा. कंचुकीनं छाती वर उचलली जाते, आणि झग्याची कंबर त्या उचललेल्या छातीच्या लगेच खाली बसते. मी ही मापं कंचुकीशिवाय घेतली होती. कंचुकी घालून झगा चढवला तेव्हा कंबरेची शिवण दोन इंच भलतीकडे गेली आणि नाचात हात वर करताच बाही काखेत उसवली.

उसवलेली बाही दुरुस्त करताना जे कळलं ते पुस्तकातून कळलं नसतं. या झग्यांची पाठ अतिशय अरुंद असते आणि बाह्या खांद्यावर न बसता जवळजवळ पाठीवर बसवलेल्या असतात. त्यामुळे खांदे आपोआप मागं ओढले जातात. जुन्या चित्रांतल्या बायका ताठ उभ्या दिसतात त्यामागं संस्कार असतीलही, पण निम्मं काम बाहीचं आहे.

हे सगळं आज इतक्या नेमकेपणानं करता येतं याचं मोठं श्रेय जॅनेट अर्नोल्ड या बाईंना जातं. १९३२ ते १९९८ हे त्यांचं आयुष्य. संग्रहालयांत जतन केलेले जुने कपडे त्यांनी हाताळले, शिवण न् शिवण मोजली आणि एकास आठ या प्रमाणात त्यांचे आराखडे कागदावर उतरवले. त्या आराखड्यांचं पहिलं पुस्तक १९६४ साली निघालं. १६६० ते १८६० या काळातल्या बायकांचे कपडे त्यात आहेत. आमच्यासारख्यांचं ते पाठ्यपुस्तक. मेलेल्या माणसाच्या अंगावरचा कपडा जिवंत माणसाच्या अंगावर पुन्हा चढू शकतो, कारण कापलेल्या कापडात ज्ञान साठून राहतं. शिवणाऱ्या बाईचं नाव पुसलं गेलं तरी तिचा धावदोरा, तिची उलटी टीप, तिच्या चुण्यांमधलं अंतर दोनशे वर्षांनी मोजता येतं. हे वाक्य तेव्हा मला फार आवडायचं. ते किती अपुरं आहे हे कळायला दोन वर्षं गेली.

मलमल कुठली?

सगळ्यात आतला सदरा शिवताना मात्र घरी आल्यासारखं वाटलं होतं. त्याचे सगळे तुकडे चौकोनी किंवा तिरके, एक चिंधी वाया जात नाही. वरच्या बाजूनं कापलेल्या तिरक्या पट्ट्या खालच्या घेराला जोडायच्या आणि हात हलावा म्हणून काखेत एक छोटा चौकोन बसवायचा. आपल्या अंगरख्याला कळ्या आणि चौबगला असतो, त्यामागं हाच विचार आहे. कापड महाग आणि मजुरी स्वस्त असताना दोन्हीकडचे शिंपी एकाच उत्तरापाशी पोचले होते.

वरच्या झग्याची गोष्ट निराळी. ऑस्टिनच्या काळातला पांढरा झग्याचा शौक हा मुळात भारतीय मलमलीचा शौक आहे. १७८३ साली फ्रान्सच्या राणीचं, मारी आंत्वानेतचं, साध्या पांढऱ्या मलमलीच्या झग्यातलं चित्र प्रदर्शित झालं आणि राणीनं आतला कपडा वर घातल्यासारखा गहजब झाला. पुढं तोच गहजब फॅशन झाला. ऑस्टिनच्या 'नॉर्थेंगर ॲबी'मध्ये नायक आणि एक पोक्त बाई बाथच्या नाचघरात चक्क मलमलीच्या भावाविषयी आणि धुतल्यावर ती टिकेल का याविषयी बोलतात. 'मॅन्सफील्ड पार्क'मधल्या लेडी बर्ट्रमला पूर्वेकडे जाणाऱ्या पुतण्याकडून, खरं तर भाच्याकडून, शाली हव्या असतात. छीट हा शब्द इंग्रजीत 'चिंट्झ' होऊन बसला, कालिकतचं कापड 'कॅलिको' झालं आणि मुंबईच्या डोंगरीचं जाडंभरडं कापड 'डंगरी'.

पण या ओळखीला दुसरी बाजूही आहे. भारतीय कापडानं इंग्लंडमधले विणकर इतके हवालदिल झाले की १७०० आणि १७२१ साली तिथल्या संसदेनं छापील सुती कापडाविरुद्ध कायदे केले. दुसरा कायदा १७७४ पर्यंत टिकला. १७७९ मध्ये सॅम्युएल क्रॉम्प्टननं सूतकताईचं नवं यंत्र काढलं आणि लँकेशायरमध्ये बारीक सूत निघू लागलं. म्हणजे १८१५ च्या एखाद्या झग्याची मलमल बंगालची असेल किंवा इंग्लंडच्या गिरणीतल्या सुताची असेल, आणि या दोन शक्यतांमध्ये एका देशाच्या विणकरांची चूल विझण्याची सुरुवात आहे. मी पांढरी मलमल बेतायला बसते तेव्हा हे डोक्यात असतंच असं नाही. पण असायला हवं, असं मला वाटू लागलं होतं.

नोव्हेंबर १८१७

गटाच्या बैठकीत पुढच्या कार्यक्रमाची कल्पना एका मैत्रिणीनं मांडली: नोव्हेंबर १८१७. त्या वर्षी ६ नोव्हेंबरला इंग्लंडच्या राजघराण्यातली गादीची वारस, एकवीस वर्षांची राजकन्या शार्लट, बाळंतपणात दगावली. मूलही मृत जन्मलं. सारा देश शोकात बुडाला, कापडवाल्यांकडचं काळं कापड संपलं. आपण त्या शोकातला एक दुपारचा चहा करू, सगळे काळ्या कपड्यांत, असं तिचं म्हणणं. सगळ्यांना पसंत पडलं आणि आयोजनाचं काम माझ्याकडे आलं.

असा कार्यक्रम ठरवणं म्हणजे थोडं लग्न आणि थोडं संशोधन. आधी काळाची चौकट आखायची. 'जुने कपडे' असं म्हटलं की पन्नास वर्षांच्या अंतराचे कपडे एका खोलीत येतात, म्हणून आम्ही १८१० ते १८१८ अशी मर्यादा घातली. मग तीन महिन्यांची मुदत, कारण हातानं शिवायला तेवढा वेळ लागतोच. मग नवख्या माणसांची सोय: जुनी सुती चादर काळी रंगवून त्याचा साधा झगा कसा बेतावा याचं एक टिपण मी सगळ्यांना पाठवलं. कोणाची शिवण चुकली तर कार्यक्रमात बोलून दाखवायचं नाही, हाही नियम. या छंदात माणसं हरवतात ती खर्चामुळं कमी आणि टोमण्यांमुळं जास्त. सभागृहात खऱ्या मेणबत्त्यांना बंदी, म्हणून विजेच्या घेतल्या. कपडे बदलायला खोली, आणि एवढे घेर घेऊन जाता येईल असं स्वच्छतागृह, हे आधी जाऊन पाहून आले.

खाण्याचाही अभ्यास करावा लागतो. बेकिंग पावडर तेव्हा नव्हती, म्हणून आजच्यासारखे फुगलेले स्कोन बाद. शहाजिऱ्याचा केक चालतो. चहा चिनी हवा. आसामचा चहा लंडनच्या बाजारात आला तो १८३९ साली. आलं घालून उकळलेल्या चहाचा मोह मी महत्प्रयासानं आवरला. शोकाच्या कापडाचंही शास्त्र होतं. चमक नको, म्हणून रेशीम आणि लोकर मिसळून विणलेलं बॉम्बझीन नावाचं निस्तेज कापड वापरत. नाव ऐकून मी क्षणभर सुखावले होते. त्याचा मुंबईशी संबंध नाही. रेशमाच्या किड्याच्या लॅटिन नावावरून ते आलं आहे.

टिपण लिहिताना तारखांची यादी करायला बसले आणि हात थांबला. ६ नोव्हेंबर १८१७ ला शार्लट गेली. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. शाळेत पाठ केलेली तारीख, पण या दोन तारखा शेजारी ठेवून मी कधी पाहिल्या नव्हत्या. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. १९ नोव्हेंबरला विंडसरला शार्लटचं दफन झालं. 'नॉर्थेंगर ॲबी', ती मलमलीच्या भावाची कादंबरी, त्याच डिसेंबरच्या अखेरीस प्रकाशित झाली. तिची लेखिका जुलैतच वारली होती.

बाथमधल्या कोणालाही तेव्हा खडकीची वार्ता नव्हती. जहाजानं आफ्रिकेला वळसा घालून बातमी यायला महिने लागत. त्यामुळे इतिहासाच्या दृष्टीनं आमचा चहा निर्दोष होता. तरी काळं कापड बेतायला घेतलं की कात्री चालेना. मी त्या दुपारी त्या खोलीत कोण म्हणून बसणार होते?

बेतणी नसलेलं वस्त्र

या छंदात एक शिस्त आहे. वेश ठरवताना तीन प्रश्न विचारायचे: मी कोण, कुठे, कोणत्या साली. आत्याला फोनवर सांगितलं की या खेपेला लुगडं नेसावं म्हणते. ती लगेच म्हणाली, "माझी पैठणी पाठवते. शालूही आहे."

"आत्या, पण १८१७ साली पुण्यातली पैठणीवाली बाई बाथला कशी आली असती?"

"मग कोण आली असती?"

उत्तर मला ठाऊक होतं आणि ते तोंडातून निघायला वेळ लागला. कंपनीच्या साहेबांच्या कुटुंबांबरोबर समुद्रपार येत त्या आया. लेकरं सांभाळत जहाजावरून यायचं आणि परत जाणाऱ्या दुसऱ्या एखाद्या कुटुंबाची वाट पाहायची. मुंबईहून आलेली, मराठी बोलणारी अशी एखादी आया त्या काळी बाथच्या घरात असण्याची कल्पना करता येते. सरदाराच्या बायकोची येत नाही. मला जर खरेपणा हवा होता, तर तो जाड्याभरड्या लुगड्यात होता.

आत्या जरा वेळानं म्हणाली, "बाजारात सुती नऊवारी अजून मिळतं. जाडं बघून पाठवते."

ते आलं आणि माझी सगळी विद्या संपली. अर्नोल्डबाईंच्या पद्धतीनं ते मोजायला घेतलं तर काय मोजणार? नऊ वार लांब, म्हणजे सव्वाआठ मीटर, दोन काठ, एक पदर. शिवण नाही, काप नाही, चुणी नाही. घडी घातली की ते पुन्हा नुसतं कापड होतं. ज्या बाईनं ते आयुष्यभर नेसलं तिचा देह, तिची चाल, तिचं काम, यातलं काहीही त्यात उरत नाही. कापलेल्या कापडात ज्ञान साठून राहतं हे माझं आवडतं वाक्य इथं निरुपयोगी होतं.

आपल्या भाषेनं हा फरक केव्हाच ओळखलेला आहे. इंग्रजीत सगळ्याला एकच क्रियापद पुरतं. आपण अंगरखा घालतो, पागोटं बांधतो, शाल पांघरतो, दागिने लेतो आणि लुगडं नेसतो. घालण्यातली कला शिंप्याची असते. नेसण्यातली कला नेसणाऱ्याची असते, आणि ती त्याच्याबरोबर जाते.

मराठी पुरुषांचे जुने कपडे शिवलेले असल्यामुळं त्यांचा माग काढता येतो. अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयातल्या शिवलेल्या वस्त्रांवर बी. एन. गोस्वामी यांचा मोठा ग्रंथ १९९३ साली निघाला. पेशव्यांच्या दरबारातले अंगरखे जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानं पुण्यात येऊन रंगवले. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं त्याचं चित्र आज लंडनमध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. बायकांच्या वेशाबाबत मात्र चित्र कितीही चांगलं असलं तरी ते एकाच बाजूनं, नेसून झाल्यावरचं असतं. काष्टा मागं कुठून गेला, ओच्याच्या आत किती कापड आहे, हे चित्र सांगत नाही. शांताल बुलांजे या फ्रेंच अभ्यासक बाईंनी आणि ऋता कपूर चिश्ती यांनी भारतभर हिंडून नेसण्याच्या पद्धती जिवंत बायकांकडून नोंदवल्या. चिश्तींच्या पुस्तकात त्या शंभराहून अधिक आहेत. या विषयात संग्रहालय म्हणजे माणूस.

माझं संग्रहालय वाईत होतं, वय ८१. व्हिडिओवर शिकवणी सुरू झाली. पहिली अडचण डाव्या-उजव्याची. दुसरी मोठी. "सावकाश दाखव" म्हटलं की आत्याचे हात अडायचे. कंबरेला गाठ मारली, निऱ्या घेतल्या, आणि "आता पुढं काय बरं?" असं म्हणून ती स्वतःच गोंधळायची. मग चिडून सगळं सोडायची, झरझर नेसायची आणि दोन मिनिटांत तयार. तिच्या हातांना येत होतं, तिला सांगता येत नव्हतं. शेवटी भाचेसुनेनं चारही बाजूंनी चित्रण केलं. त्याआधी आत्यानं माझ्या सांगण्यावरून काठाला दर वितीवर रंगीत दोऱ्याचा एकेक कच्चा टाका घातला. मग चित्रण थांबवत थांबवत, कितवा टाका अंगाच्या कोणत्या ठिकाणी येतो, ते मी वहीत उतरवलं. लुगड्याचा तो माझ्या परीनं केलेला आराखडा.

चोळीचं काम त्या मानानं सोपं. आजीची एक विरलेली खणाची चोळी आत्यानं पाठवली. ती उसवून मी माप घेतलं. ती चोळी १८१७ ची नव्हे, आजीच्या काळातली. लुगड्याचा रंगही आजचा, रासायनिक. आणि आत्याची नेसण्याची रीत वाईच्या ब्राह्मण घरातली. मुंबईहून जहाजावर चढलेली आया अशी नेसत असेलच असं नाही. या तिन्ही गोष्टी मी कार्यक्रमाच्या टिपणात लिहिल्या. आपल्या वेशात किती खरं आणि किती अंदाज, हे सांगून टाकणं हाच या छंदातला प्रामाणिकपणा आहे.

शिवण कुठे आहे?

त्या दुपारी पाऊस होता. काळ्या झग्यांच्या कडा भिजून जड झाल्या होत्या आणि सगळ्या जणी जिन्यावर दोन्ही हातांनी घेर उचलून चढत होत्या. मी मोकळ्या हातांनी चढले. खाली वाकता येत होतं, मांडी घालून बसता येत होतं, एखादं मूल कडेवर घेता आलं असतं. कामकरी बाईचं वस्त्र म्हणजे काय हे मला जिन्यावर कळलं. थंडी मात्र मलमलीच्या झग्याइतकीच वाजली.

गटातली वयानं सर्वांत मोठी बाई, आमच्यातली सर्वांत निष्णात शिवणारी, चष्मा लावून माझ्याभोवती एक फेरी मारून आली. शिवण शोधत होती. "कुठे जोडलंय हे?" कुठेच नाही म्हटलं. सुई लागलेलीच नाही. तिनं काष्टा जिथं कंबरेत जातो तिथं हात लावून पाहिला आणि विचारलं, "मग हे शिकवणारं माणूस गेलं तर तुम्ही काय करता?"

मी वहीचं सांगितलं. तिनं मान हलवली, पण तिचं समाधान झालं नाही, आणि ते बरोबर होतं. वहीत टाक्यांचे आकडे आहेत. कापड कुठं किती ताणायचं आणि कुठं सैल सोडायचं, हे त्यात नाही.

रात्री आत्याला फोटो पाठवले. तिनं ते मोठे करून पाहिले. खडकीचं, शार्लटचं, आयाचं, सगळं मी तिला पुन्हा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ओचा सैल बसलाय. त्यानं मागचं ओघळतंय बघ. गाठ मारताना श्वास सोडून मार."

हे तिनं आजवर कधी सांगितलं नव्हतं, कारण चूक पाहिल्याशिवाय तिला ते आठवलंच नसतं. वहीत मी एक नवी ओळ लिहिली. आता शिकण्याची पद्धत बदलली आहे. आत्या नेसून दाखवत नाही. मी नेसते आणि ती चुका काढते. प्रत्येक चुकीला एक ओळ. आजवर त्रेचाळीस झाल्या आहेत.

या दिवाळीत वाईला जाणार आहे. शेजारच्या गल्लीत माळकाम करणाऱ्या एक आजी आहेत, त्या निराळं नेसतात असं आत्या सांगते. त्यांना विचारून ठेवलंय. ज्यांच्या घरात नऊवारी नेसणारं माणूस अजून आहे, त्यांनाही एवढंच सांगणं: नेसून झालेला फोटो पुरत नाही. आधी आपण नेसावं, चुकावं, आणि त्यांना बोलू द्यावं.